जेडीएस प्रश्नावली: काय मोजते, कुठे फसते आणि कशी वापरावी

नोकरीत लोकांचं मन का लागत नाही हे शोधून देणारी तयार सर्वेक्षणं आज ढिगाने मिळतात. बहुतेकांचा रोख माणसाकडे असतो: तुम्ही समाधानी आहात का, कंपनीचा अभिमान वाटतो का, वर्षभराने इथेच असाल का. जॉब डायग्नॉस्टिक सर्व्हे, म्हणजे जेडीएस, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. तुमच्या कामाला किती वेगवेगळी कौशल्यं लागतात, एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या हातून होते का, काम कसं करायचं हे तुम्ही ठरवता की वरून ठरून येतं, आणि ते नीट झालं की बिघडलं हे तुम्हाला कुठून कळतं, हे ती आधी विचारते. माणसाच्या भावना नंतर. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीचा सगळा जीव या क्रमात आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. एखाद्या कामाचं पहिलं निदान करायला जेडीएस आजही घ्यावी. तिच्यावर कॉपीराइट नाही, वापरायला परवानगी लागत नाही, असं तिच्या कर्त्यांनीच जाहीर केलेलं आहे. पूर्ण आवृत्ती भरायला पंचवीसेक मिनिटं लागतात. मात्र ती मूळ रूपात जशीच्या तशी वाटून, शेवटी येणारा एकच आकडा वरिष्ठांपुढे ठेवणार असाल तर ती हमखास दगा देते. तीन गोष्टी केल्याच पाहिजेत: उलट घडणीचे प्रश्न सरळ करून घेणं, एकत्रित आकड्याऐवजी पाचही घटक सुटे वाचणं, आणि त्याच कामाचं बाहेरच्या माणसाकडून स्वतंत्र मूल्यमापन करून घेणं.

प्रश्नावलीमागची माणसं

रिचर्ड हॅकमन यांची पहिली पदवी गणिताची. १९६६ साली इलिनॉय विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएचडी करून ते येल विद्यापीठात आले आणि वीस वर्षं तिथे राहिले. त्या काळात कामाच्या प्रेरणेच्या चर्चेवर फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा पगडा होता. हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना नोकरीतले फार चांगले आणि फार वाईट प्रसंग विचारले होते. १९५९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: पगार, सोयी, देखरेख सुधारली की कुरकुर थांबते, पण मन लागतं ते कामाच्या स्वरूपामुळे. मग अनेक कंपन्या कामं 'समृद्ध' करायला निघाल्या. अडचण अशी होती की कामात नेमकं काय कमी आहे हे मोजायला पट्टीच नव्हती. काय बदलायचं हे अंदाजाने ठरायचं, आणि बदल केल्यावर फरक पडला की नाही हेही अंदाजानेच.

हॅकमन यांनी आधी एडवर्ड लॉलर यांच्याबरोबर एका टेलिफोन कंपनीतल्या १३ प्रकारच्या कामांवरच्या २०८ जणांचा अभ्यास केला. तो १९७१ साली छापून आला. मग ग्रेग ओल्डहॅम यांच्याबरोबर जेडीएस घडली. १९७५च्या शोधनिबंधात ७ संस्थांमधल्या ६२ कामांवरच्या ६५८ जणांची उत्तरं आहेत. एका कामावरचे अनेक जण आणि अशी अनेक कामं, ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण इथे मोजायचं एकक काम हे आहे. प्रश्नावली वापरताना हेच सगळ्यात आधी विसरलं जातं.

आत काय आहे

मूळ विचार तीन मनःस्थितींचा आहे. आपण करतोय त्याला अर्थ आहे, त्याची जबाबदारी आपली आहे, आणि ते कसं झालं हे आपल्याला कळतंय, असं तिन्ही वाटलं की माणूस आतून प्रेरित होतो. अर्थ तीन वाटांनी येतो: कौशल्यांची विविधता, कामाचं अखंडपण (तुकडा वाट्याला येतो की पूर्ण वस्तू) आणि कामाचं इतरांच्या आयुष्यातलं महत्त्व. जबाबदारीची जाणीव स्वायत्ततेतून येते. निकाल कळतो तो फीडबॅकमधून, आणि इथे फीडबॅक म्हणजे साहेबांची शाबासकी नव्हे. काम करतानाच, त्या कामातूनच, ते नीट झालं का हे कळणं इथे अभिप्रेत आहे. साहेब आणि सहकारी काय सांगतात याचे प्रश्न जेडीएसमध्ये वेगळे आहेत आणि ते मुख्य पाचांत धरत नाहीत.

प्रश्न सात भागांत विभागलेले आहेत, त्यानंतर वय, शिक्षण वगैरे माहिती. पहिल्या भागात सात प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ अशी पट्टी आणि १, ४, ७ या आकड्यांखाली त्यांचा अर्थ लिहिलेला. हा भाग सगळ्यात चांगला बांधलेला आहे, कारण ४ म्हणजे काय याबद्दल भरणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. दुसऱ्या भागात चौदा विधानं, ती आपल्या कामाला किती लागू पडतात हे सांगायचं. तिसरा आणि चौथा भाग स्वतःच्या भावनांचा आणि समाधानाचा: पगार, नोकरीची शाश्वती, सहकारी, देखरेख, शिकण्याची संधी. पाचव्यात थोडी युक्ती आहे. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या इतरांना काय वाटत असेल, असं तिथे विचारलेलं आहे, म्हणजे स्वतःबद्दल बोलायला कचरणारा माणूस दुसऱ्याच्या नावाने बोलतो. सहावा आणि सातवा भाग 'वाढीची गरज' मोजतात, म्हणजे या माणसाला कामातून शिकायला, स्वतः निर्णय घ्यायला किती आवडेल हे पाहतात.

वेळ कमी असेल तर सातवा भाग वगळावा. त्यात दोन-दोन काल्पनिक नोकऱ्यांच्या जोड्या देऊन कुठली पसंत ते विचारतात. लोक तिथे कंटाळतात आणि शेवटाकडे पट्टीच्या मधोमध खुणा करत सुटतात. एक लघु आवृत्तीही आहे, ती दहाएक मिनिटांत होते.

वाटण्याआधी

यादी माणसांची करू नका, कामांची करा. एका विभागात अर्ज तपासणारे, संगणकात भरणारे आणि तक्रारी घेणारे असतील तर ती तीन कामं झाली. तिघांची मिळून सरासरी काढली की कुणाचंच नसलेलं एक काम तयार होतं, आणि मग त्याच्यावर उपाय सुचवले जातात. प्रत्येक कामाला एक सांकेतिक अक्षर द्या आणि फॉर्मवर तेवढंच छापा. एका कामावर पाचपेक्षा कमी माणसं असतील तर सरासरीवर विसंबू नका: एकाची चूक सगळा आकडा हलवते, आणि कुणी काय लिहिलं हे ओळखताही येतं.

इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यांना मूळ फॉर्म देऊ नये. किमान आठवीच्या पुढचं शिक्षण हवं, असं कर्त्यांनीही म्हटलं होतं. दुसऱ्या भागातली नकारार्थी लांब वाक्यं सफाईने वाचणाऱ्यालाही अडखळायला लावतात. भाषांतर वापरणार असाल तर ते त्या कामावरच्या दोघा-तिघांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते थांबून पुन्हा वाचतात, ते वाक्य बदला.

हा फॉर्म भरतीसाठी, बढतीसाठी किंवा कुणाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी कधीही वापरू नका. यात हवं ते उत्तर देणं अगदी सोपं आहे. 'तुम्हाला आव्हानात्मक काम आवडेल का' याला मुलाखतीला बसलेला माणूस नाही म्हणणार नाही. हा धोका कर्त्यांनीही स्पष्ट सांगितला होता.

गुण काढताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबू.

पाचही मुख्य घटकांना तीन-तीन प्रश्न आहेत: पहिल्या भागातला एक आणि दुसऱ्या भागातले दोन. त्या दोनांतला एक सरळ, एक उलट. उलट म्हणजे 'या कामात मला स्वतःची बुद्धी वापरायला काहीच वाव नाही' अशा धाटणीचा. उलट प्रश्नाचं उत्तर ८ मधून वजा करायचं आणि मग तिघांची सरासरी.

समजा एखाद्याने स्वायत्ततेच्या पहिल्या प्रश्नाला २, सरळ विधानाला ३ आणि उलट विधानाला ६ दिले. ८ वजा ६ म्हणजे २. सरासरी (२ + ३ + २) ÷ ३ = २.३३. वजाबाकी राहून गेली तर (२ + ३ + ६) ÷ ३ = ३.६७. गळा आवळलेलं काम मध्यम दिसायला लागतं. एक्सेलमध्ये हे तपासायची सोपी रीत अशी: उलटवल्यानंतर प्रत्येक जोडीतल्या सरळ आणि उलट प्रश्नांचा सहसंबंध काढा (दोन उत्तरं एकत्र वर-खाली होतात का हे -१ ते १ मध्ये सांगणारा आकडा). तो ऋण आला तर एकतर वजाबाकी चुकली आहे किंवा लोकांनी 'नाही' न वाचताच खूण केली आहे.

सहाव्या भागात आणखी एक सापळा आहे. तिथली पट्टी १ ते ७ नाही, ४ ते १० आहे, आणि प्रत्येक उत्तरातून ३ वजा करायचे असतात. शिवाय त्या भागातले अकराही प्रश्न वाढीच्या गरजेचे नाहीत. सहाच आहेत, उरलेले चांगला पगार, चांगले सहकारी अशा सगळ्यांनाच हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींचे आहेत आणि ते मोजणीत धरायचे नसतात. पट्टी न बदलता सगळ्या अकरांची सरासरी काढली की प्रत्येक माणूस प्रगतीसाठी आसुसलेला दिसतो.

पाच घटक हाती आले की एमपीएस (मोटिव्हेटिंग पोटेन्शियल स्कोअर) निघतो, म्हणजे त्या कामात प्रेरणा देण्याची किती ताकद आहे याचा आकडा. विविधता, अखंडपण आणि महत्त्व यांची सरासरी, गुणिले स्वायत्तता, गुणिले फीडबॅक. सगळ्यात कमी १, सगळ्यात जास्त ३४३. १९७०च्या दशकातल्या अमेरिकी संस्थांमधली सरासरी १२८ च्या आसपास होती.

हिशेब दाखवण्यापुरतं एक कल्पित काम घेऊ: विम्याचे अर्ज संगणकात भरणं. विविधता २.७, अखंडपण ३.०, महत्त्व ५.६, स्वायत्तता २.३३, फीडबॅक ५.१. पहिल्या तिघांची सरासरी ३.७७, आणि एमपीएस सुमारे ४५. आता विविधता एका अंकाने वाढवली तर एमपीएस ४९ वर जातो. फीडबॅक एका अंकाने वाढवला तर ५४. स्वायत्तता एका अंकाने वाढवली तर ६४. सूत्राची घडणच अशी आहे की गुणाकारात जो घटक सगळ्यात लहान, त्याला हात लावला की आकडा सगळ्यात जास्त उसळतो. हे दिशा दाखवायला उपयोगी आहे. पण तेवढ्या प्रमाणात लोकांची प्रेरणाही वाढेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

गुणाकाराचा मोह

१९८७ साली यित्झाक फ्रीड आणि जेराल्ड फेरिस यांनी तोवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. समाधान, प्रेरणा वगैरेंचा अंदाज बांधायला पाच घटकांची साधी बेरीज गुणाकारापेक्षा सरस ठरली. म्हणजे सूत्राचा डौल गणिताचा आहे, पण आधार कमकुवत आहे. त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली: कामाचे घटक आणि लोकांच्या भावना यांचं नातं ठळक आहे, तर घटक आणि उत्पादन, गैरहजेरी अशा वागण्याशी नातं त्या मानाने फिकं. जेडीएसचे गुण वाढले म्हणजे उत्पादन वाढेल, असं आश्वासन कुणी देत असेल तर पुरावा मागा.

एकाच आकड्याने फसगत कशी होते ते पाहा. एका कामाचे पाचही घटक ५ आहेत: एमपीएस १२५. दुसऱ्यात विविधता, अखंडपण, महत्त्व तिन्ही ६, फीडबॅक ७, पण स्वायत्तता फक्त ३: एमपीएस १२६. कागदावर जुळी भावंडं. पहिल्याला औषधाची गरज नाही. दुसरं काम म्हणजे कसबी माणसाला साखळी बांधून बसवलेलं आहे, आणि तिथे नेमका एकच उपाय हवा.

सरासरी काढण्याचा क्रमही आकडा बदलतो. दोन माणसं घ्या. दोघांची पहिल्या तीन घटकांची सरासरी ४. एकाची स्वायत्तता आणि फीडबॅक २-२, दुसऱ्याची ६-६. आधी प्रत्येकाचा एमपीएस काढून सरासरी केली तर १६ आणि १४४, म्हणजे ८०. आधी घटकांची सरासरी करून मग गुणाकार केला तर ६४. दोन्हींपैकी एक पद्धत ठरवा, अहवालात लिहा, आणि पुढच्या खेपेला तीच ठेवा. खरं तर इथे सरासरीच्या आधी विचारायला हवं की एकाच कामावरच्या दोघांच्या उत्तरांत एवढी तफावत का. बहुधा नाव एक असलं तरी कामं दोन निघतात, किंवा एकाचा सुपरवायझर मोकळीक देतो आणि दुसऱ्याचा देत नाही.

उलट प्रश्नांची खोट

हा मूळ आवृत्तीतला सगळ्यात मोठा दोष. माणूस वाचतोय का हे पकडायला उलट प्रश्न घातले जातात. जेडीएसमध्ये त्यांनी उलटच केलं. जॅकलिन इडाझाक आणि फ्रिट्झ ड्रास्गो यांनी १९८७ साली दाखवलं की मूळ प्रश्नांच्या घटक-विश्लेषणात (कुठल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र हलतात हे शोधण्याची संख्याशास्त्रीय रीत) पाच अपेक्षित घटकांखेरीज एक आगंतुक घटक निघतो, आणि तो कामाचा नसून उलट शब्दरचनेचा आहे. त्यांनी तेच प्रश्न सरळ लिहिले आणि आगंतुक नाहीसा झाला.

याचा रोजच्या वापरातला परिणाम आणखी वाईट आहे. कुणी न वाचता पहिल्या दोन्ही भागांत सरसकट ७ वर खुणा केल्या असं समजा. प्रत्येक घटकाचे गुण होतात ७, ७ आणि उलटवल्यावर १. सरासरी ५. पाचही घटक ५, म्हणजे एमपीएस १२५, जवळजवळ अमेरिकेच्या सरासरीइतका! निष्काळजी उत्तर अगदी साळसूद सामान्य कामासारखं दिसतं आणि तपासणीतून निसटतं. सरळ प्रश्नांच्या सुधारित आवृत्तीत तोच माणूस ३४३ मिळवतो आणि लगेच नजरेत येतो.

कॅरल क्युलिक, ओल्डहॅम आणि पॉल लँगनर यांनी १९८८ साली दोन्ही आवृत्त्या समोरासमोर ठेवल्या. सुधारित आवृत्तीची अंतर्गत रचना अधिक नेटकी निघाली, पण समाधान किंवा प्रेरणा यांचा अंदाज बांधण्यात ती वरचढ ठरली नाही. म्हणजे जुन्या आवृत्तीने काढलेले सगळे निष्कर्ष फेकून द्यायला नकोत. नवं काम सुरू करताना मात्र सुधारितच घ्यावी. जुन्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर दोन आवृत्त्या एकाच तक्त्यात मिसळू नका.

विश्वासार्हतेबद्दल थोडक्यात: १९७५च्या अहवालात वेगवेगळ्या मोजपट्ट्यांची अंतर्गत सुसंगती (एकाच पट्टीतल्या प्रश्नांची उत्तरं आपसांत किती जुळतात; पूर्ण जुळली तर १) ०.८८ पासून ०.५६ पर्यंत पसरलेली आहे. अखंडपणाची ०.५९. तीन प्रश्नांच्या पट्टीकडून फार अपेक्षा नसावी, पण ०.५९ म्हणजे अर्ध्या गुणाच्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही एवढं नक्की. दोन कामांत पूर्ण एक अंकाचं अंतर दिसेपर्यंत निर्णय घेऊ नये, असं आमचं मत आहे.

दुसरी नजर

जेडीएसबरोबर जॉब रेटिंग फॉर्म नावाचा एक छोटा फॉर्म येतो. तो त्या कामावर नसलेल्या माणसाने भरायचा असतो: सुपरवायझर किंवा काम पाहून आलेला निरीक्षक. बहुतेक जण हा वापरतच नाहीत, आणि ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. कारण जेडीएसवरचा मूळ आक्षेप इथेच आहे: काम कसं आहे आणि कसं वाटतंय हे दोन्ही एकच माणूस, एकाच बैठकीत सांगतो. ज्याला नोकरीच नकोशी झाली आहे तो सगळ्याच रकान्यांत खाली खुणा करणार, आणि मग 'कामाचे घटक कमी म्हणून समाधान कमी' असा निष्कर्ष आपोआप तयार होतो.

१९७५च्या आकड्यांत कर्मचारी आणि सुपरवायझर यांच्या मूल्यमापनांचा सहसंबंध मधल्या मूल्याने ०.५१ होता, कर्मचारी आणि बाहेरचे निरीक्षक यांचा ०.६३. कर्मचारी आपल्या कामाचं वर्णन मनाने रचत नाहीत, हे यावरून दिसतं. आणि दोन तास शेजारी बसून पाहणारा त्रयस्थ कधी कधी साहेबापेक्षा जवळचं पाहतो, हेही. सुपरवायझर स्वायत्ततेला ५ देतो आणि हाताखालचे २ देतात, तर ते अंतर हेच निदान. मोकळीक कागदावर दिलेली आहे, पण प्रत्यक्षात प्रत्येक गोष्टीला सही लागते. अशा वेळी दोघांनाही शेवटचे पाच निर्णय कुणी घेतले ते लिहून काढायला सांगा. वाद मिटतो.

आकड्यांवरून उपायाकडे

वाचण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी आंतरिक प्रेरणा आणि समाधान यांचे गुण पाहा. ते चांगले असतील आणि तरी काम रखडत असेल तर दुखणं यंत्रात, वेळापत्रकात किंवा माणसांच्या संख्येत असेल. कामाची फेररचना करून उपयोग नाही. मग एमपीएस, मग सुटे घटक, आणि शेवटी वाढीची गरज. चौथ्या भागातले पगार, शाश्वती, देखरेख यांचे गुण तळाला असतील तर फेररचना सुरूच करू नका. नोकरी टिकेल का या धास्तीत असलेल्या माणसाला जादा जबाबदारी म्हणजे त्याच पगारात जादा काम वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

उपाय कसा दिसतो याचं नमुनेदार उदाहरण हॅकमन, ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांनी १९७५ सालीच मांडलं: ट्रॅव्हलर्स या अमेरिकी विमा कंपनीतला पंचकार्डं (संगणकाला माहिती द्यायला तेव्हा वापरायची, भोकं पाडलेली कार्डं) टोचणारा विभाग. टोचणाऱ्यांना कुठल्याही खात्याचा कुठलाही गठ्ठा मिळायचा, चुका दुसरेच कुणी दुरुस्त करायचे, आणि आपली चूक झाली होती हे टोचणाऱ्याला कळायचंही नाही. बदलात प्रत्येकीला ठरावीक खाती नेमून दिली. अर्जात घोळ असेल तर तिने थेट त्या खात्याशी बोलायचं. चुकलेली कार्डं जिच्या हातून चुकली तिच्याकडेच दुरुस्तीला जायची. रोजच्या कामाचा क्रम ती ठरवायची. आठवड्याचा चुकांचा आणि कामाचा छापील हिशेब सुपरवायझरला वळसा घालून थेट तिच्या हातात यायचा. कामाचं प्रमाण ३९.६ टक्क्यांनी वाढलं, तर बदल न केलेल्या तुलनेच्या गटात ८.१ टक्क्यांनी. चुकांचं प्रमाण १.५३ टक्क्यांवरून ०.९९ वर आलं.

इथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली, काही न बदललेल्या गटातही वाढ झालीच होती. तो गट नसता तर ती ८.१ टक्केही फेररचनेच्या नावावर जमा झाली असती. दुसरी, कुणाला एक काम सोडून दुसरं तसंच कंटाळवाणं काम देऊन 'विविधता' वाढवलेली नाही. नेमकी हीच चूक सर्रास होते: विविधतेचे गुण कमी दिसले की माणसांना तीन टेबलांवर फिरवायचं. टेबलं बदलतात, निर्णय आणि निकाल दोन्ही पहिल्यासारखेच दुसऱ्याच्या हातात राहतात.

काय सुटलंय, आणि पर्याय कोणते

हॅकमन १९८६ साली हार्वर्डला गेले आणि पुढची वर्षं त्यांनी संघांच्या अभ्यासाला दिली: विमानाच्या कॉकपिटमधले चमू, सिंफनी ऑर्केस्ट्रा. २०१३ साली त्यांचं निधन झालं. त्याआधी २०१० साली त्यांनी आणि ओल्डहॅम यांनी स्वतःच्याच मांडणीकडे मागे वळून पाहिलं आणि कामाची सामाजिक बाजू त्यातून निसटल्याचं मान्य केलं. प्रश्नावलीत 'इतरांशी संबंध' आणि 'इतरांकडून मिळणारा फीडबॅक' यांचे प्रश्न पहिल्यापासून आहेत, पण सूत्रात त्यांना जागा नाही. हे गुण वाया घालवू नका, वेगळे छापा. हम्फ्री, नार्गँग आणि मॉर्गसन यांच्या २००७ च्या विश्लेषणात २५९ अभ्यास आणि २,१९,६२५ लोक होते. तिथे सामाजिक घटकांनी, इतर सगळं धरल्यानंतरही, नोकरी सोडण्याच्या इराद्यातला लक्षणीय भाग उलगडून दाखवला.

सेवा क्षेत्रातलं, संघात होणारं किंवा शारीरिक कष्टाचं काम तपासायचं असेल तर जेडीएसऐवजी वर्क डिझाइन क्वेश्चनेअर पाहावी. मॉर्गसन आणि हम्फ्री यांनी २००६ साली ती प्रसिद्ध केली. ७७ प्रश्न, २१ घटक, त्यात सामाजिक आधार, आवाज-उजेड-उष्णता, अवजारं हेही येतं. लांब आहे, पण प्रश्न स्वच्छ आहेत. आणि लोक कष्ट का घेतात, म्हणजे बक्षिसासाठी, अपराधी वाटू नये म्हणून, पटतं म्हणून की मजा येते म्हणून, हे वेगळं काढायचं असेल तर गान्ये आणि सहकाऱ्यांची २०१५ची मल्टिडायमेन्शनल वर्क मोटिव्हेशन स्केल जोडावी. १९ प्रश्न, सात भाषांत तपासलेले. ती प्रेरणेची जात सांगते, जेडीएस तिचं कामातलं मूळ दाखवते. दोन्ही मिळून अर्ध्या तासात होतात, फक्त जेडीएसची लघु आवृत्ती घ्या.

फेरमोजणी बदलानंतर लगेच करू नका. पहिल्या काही आठवड्यांत नवलाईने सगळेच गुण वर जातात. किमान सहा महिने जाऊ द्या. तीच आवृत्ती, तीच कामं आणि न बदललेला एक गट कायम ठेवा. प्रत्येकाची मूळ उत्तरं, उलटवण्याआधीची, सुटी जपून ठेवा. सहा महिन्यांनी नवा माणूस हिशेबाला बसला आणि आकडे जुळेनात, तर कुठली वजाबाकी दोनदा झाली हे फक्त तिथेच सापडेल.